जोर हवा, ताप नको

सकाळी ८.१५

जानेवारीतल्या पुण्यात प्रयोगशाळेचं दार उघडलं की मी आधी भिंतीवरचा तापमापक बघते. आज १४ अंश. आमचा द्रव धातू म्हणजे वजनाने ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियम. तो साधारण साडेपंधरा अंशांना गोठतो, म्हणजे हिशेबाने आत्ता घट्ट असायला हवा. सिरिंज उजेडात धरून तिरकी केली, तर चकचकीत थेंब निवांत सरकला. गोठणबिंदूच्या खाली जाऊनही हा मिश्रधातू बराच वेळ द्रवच राहू शकतो. गोठायला त्याला काहीतरी निमित्त लागतं. पण अशा भरवशावर दिवसाची आखणी होत नाही. बारीक नळीत अर्ध्या वाटेवर तो गोठला तर सगळं काम अडकून पडतं. म्हणून सिरिंज गरम पेटीत ठेवली, ३० अंशांवर.

आम्ही अळीसारखा सरपटणारा, रबरी अंगाचा छोटा रोबॉट बनवतो आहोत. त्याच्या प्रत्येक पेरात दोन चकत्या आहेत. खालच्या चकतीत चुंबक, वरच्या चकतीत वेटोळं, आणि मध्ये चार मऊ पाय. वेटोळ्यातून एका दिशेने वीज सोडली की चकत्या जवळ येतात, उलट दिशेने सोडली की लांब जातात. लाउडस्पीकरचा पडदा याच नियमाने हलतो. मात्र स्पीकरच्या कॉइलमध्ये तांब्याची तार असते, आणि ती रबराबरोबर ताणली जात नाही. आमच्या पेरात तार नाहीच. रबरातच एक नळी सोडलेली असते आणि त्या नळीत हा द्रव धातू. पेर दाबा, पिळा, ताणा, धातू नळीबरोबर आकार बदलतो आणि वीज वाहत राहते.

सकाळी ९.००

नवीन विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात, ‘मॅडम, जोर किती मिळेल?’ मी त्यांना आधी ताप किती होईल ते काढायला लावते. या क्षेत्रातलं डिझाइन उष्णतेपासून सुरू करावं, हे माझं ठाम मत आहे.

आजच्या पेराचा हिशेब फळ्यावर मांडला. नळी अर्धा मिलिमीटर रुंद, तेवढीच उंच. दोन थरांत मिळून तिची लांबी सुमारे एक मीटर. तांब्याचं असं वेटोळं केलं असतं तर रोध ०.०७ ओहमच्या आसपास आला असता. पण हा मिश्रधातू तांब्यापेक्षा सुमारे सतरा पटींनी कमी वाहक आहे, म्हणून आमचा रोध १.२ ओहम.

बल म्हणजे चुंबकीय क्षेत्र गुणिले प्रवाह गुणिले तारेची लांबी. वेटोळं जिथे बसतं तिथे उपयोगी पडणारं क्षेत्र सरासरी ०.१ टेस्ला. एक अँपिअर सोडला तर बल ०.१ न्यूटन, म्हणजे दहा ग्रॅम वजन तोलण्याइतकं. दोन अँपिअर सोडले तर वीस ग्रॅमचं. आता उष्णता बघू. ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. एक अँपिअरला १.२ वॉट, दोन अँपिअरला ४.८ वॉट. जोर दुप्पट, उष्णता चौपट.

आणि ही उष्णता जायची कुठे? तांबं जितकी उष्णता वाहून नेतं त्याच्या सुमारे दोन हजारावा भाग सिलिकोन रबर नेतं. अख्ख्या चकतीचा पृष्ठभाग अकरा-बारा चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत तो तापमानाच्या प्रत्येक अंशामागे जेमतेम ०.०१ वॉट बाहेर टाकतो. म्हणजे एकच अँपिअर सतत चालू ठेवला तरी चकती खोलीपेक्षा शंभर अंशांहून वर जाऊ पाहील. साधं एन-५२ प्रतीचं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर वापरायचं नसतं. त्यापुढे त्याचं चुंबकत्व कायमचं कमी होऊ लागतं. अंगाला लागणारं यंत्र करायचं म्हटलं तर मर्यादा आणखी खाली येते, कारण ४३-४४ अंशांचा पृष्ठभागसुद्धा तासन्‌तास त्वचेला टेकून राहिला तर इजा करतो.

तेव्हा फळ्यावर तीन ओळी राहिल्या: क्षेत्र वाढवा, वीज सोडण्याचा वेळ कमी करा, आणि विजेची गरजच कमी करा. आजचा दिवस या तीन ओळींचा.

सकाळी ९.४५

पहिली ओळ सगळ्यांत स्वस्त, कारण चुंबक काही न मागता क्षेत्र देतं. माझा विद्यार्थी संगणकावर ‘फेम’ उघडून बसला आहे. चुंबकीय क्षेत्र काढण्याचं हे मोफत सॉफ्टवेअर गोल, सममित आकारांचा हिशेब झटपट करतं. पडद्यावर दहा मिलिमीटर व्यासाचं चुंबक आणि त्यातून वर निघून बाहेर वळणाऱ्या रेषा.

‘मॅडम, क्षेत्र तर मधोमध सगळ्यांत जास्त आहे. वेटोळं मध्येच दाट करू या का?’

‘मधोमध ते कुठल्या दिशेला आहे, बघ.’

तो थोडा वेळ बघतो. ‘सरळ वर.’

‘आणि आपल्याला चकती कुठे हलवायचीये?’

‘वर-खाली. म्हणजे... क्षेत्र आडवं हवं.’

बल हे प्रवाह आणि क्षेत्र या दोन्हींशी काटकोनात लागतं. गोल फिरणाऱ्या प्रवाहाला वर-खाली ढकलायचं तर केंद्रापासून बाहेर जाणारं क्षेत्रच कामाला येतं, आणि ते चुंबकाच्या कडेपाशी जास्त असतं. मधले फेरे रोध वाढवतात, तापतात आणि ढकलायला फारशी मदत करत नाहीत. त्याने आतले दोन फेरे काढले, वेटोळं कडेकडे सरकवलं, चकत्यांमधलं अंतर थोडं कमी केलं. चित्र पुन्हा काढलं तेव्हा जोर जवळपास तेवढाच राहिला होता आणि रोध कमी झाला होता.

मग जुना वाद निघाला. चुंबक अखंड ठेवायचं की त्याची पूड रबरात कालवायची? निओडिमियम-लोह-बोरॉनची काही मायक्रोमीटरची पूड सिलिकोनमध्ये मिसळून, जबर क्षेत्रात एकदा चुंबकित केली, की चुंबकसुद्धा मऊ होतं. पण पूड जितकी कमी तितकं चुंबकत्व पातळ, आणि जास्त घातली की रबर कडक होतं. जोर कमी झाला की प्रवाह वाढवावा लागतो, आणि प्रवाह वाढला की पुन्हा ताप. पूर्ण मऊपणाची किंमत शेवटी उष्णतेतच मोजावी लागते. या पेरासाठी आम्ही मधोमध छोटं अखंड चुंबक ठेवायचं ठरवलं. बाकी सगळं अंग मऊ आहे, दाबलं तर वाकतं, आणि चुंबक अळीच्या वाकण्याच्या आड येत नाही.

सकाळी १०.४५

वर्कशॉपमधले काका साचे घेऊन आले. त्यांनी कडांना बोट फिरवून पाहिलेलं असतं, त्यामुळे मला तपासायला फारसं उरत नाही.

‘मॅडम, हा छापलेला साचा ठीक आहे, पण ॲल्युमिनियमचा केला तर धार याच्याहून स्वच्छ येईल.’

‘ओतायला चालेल काका. फक्त तो त्या कोपऱ्यातल्या टेबलावर यायला नको.’

कोपऱ्यातलं टेबल द्रव धातूचं. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणाकणांच्या सांध्यांत शिरतं आणि धातू इतका ठिसूळ होतो की हाताने मोडावा. त्या टेबलाजवळ लॅपटॉपसुद्धा नेत नाही, कारण बऱ्याच लॅपटॉपचं अंग ॲल्युमिनियमचंच असतं.

सिलिकोनचे दोन भाग सारख्या वजनाने घेतले. आम्ही इकोफ्लेक्स ००-३० वापरतो. मूळ लांबीच्या नऊशे टक्क्यांपर्यंत ताणलं जाणारं हे रबर आहे. मिसळल्यावर हातात पाऊण तास असतो, मग ते घट्ट होऊ लागतं. हातमोजे नायट्राइलचे. लॅटेक्सचे मोजे इथे चालत नाहीत, कारण त्यातल्या गंधकामुळे प्लॅटिनमवर जमणारं सिलिकोन जमतच नाही आणि चकतीचा पृष्ठभाग चिकट राहतो.

मिश्रण व्हॅक्यूमच्या भांड्याखाली ठेवलं. हवा ओढली जाऊ लागली तसा आतल्या बुडबुड्यांनी फेस धरला आणि तो दुधासारखा उतू जायला आला. म्हणून कप नेहमी मिश्रणाच्या चार-पाच पट मोठा घ्यायचा. मग एका क्षणी फेस कोसळतो आणि खाली काचेसारखं स्वच्छ मिश्रण उरतं. हा वेळ वाचवण्यात अर्थ नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या नळीशेजारी एवढासा बुडबुडा राहिला तर भिंत तिथेच फुटते आणि दोन शेजारचे फेरे एकमेकांना भिडतात.

पातळ धारेने, एका कोपऱ्यातून, साच्यात ओतलं. नेहमीच्या तापमानाला ते चार तासांत जमतं. जानेवारीत खोली गार असते म्हणून गरम पेटीत.

दुपारी १२.००

काल ओतलेली चकती आज भरायची. नळीच्या एका टोकाला सिरिंजची सुई, दुसऱ्या टोकाला हवा निघून जायला भोक. दट्ट्या हळूच दाबला की काही क्षण काहीच होत नाही. द्रव धातूवर हवा लागताच ऑक्साइडचा दोन-तीन नॅनोमीटरचा पापुद्रा येतो आणि तो पापुद्राच धातूला अडवून धरतो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पापुद्रा फुटतो आणि धातू नळीत शिरतो. पुढचं टोक पुन्हा पापुद्रा धरतं, पुन्हा फुटतं. अर्धपारदर्शक रबरातून चांदीच्या रंगाची रेघ फेऱ्यामागून फेरे घेत बाहेरच्या कडेकडे जाते. हाच पापुद्रा भरून झाल्यावर उपयोगी पडतो, कारण त्याच्यामुळे धातू नळीत जागच्या जागी राहतो आणि थेंब-थेंब होऊन तुटत नाही.

१८२१ साली मायकेल फॅरेडेने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, तेव्हा तारेचं टोक पाऱ्यात बुडवलेलं होतं. म्हणजे विजेच्या मोटरच्या मुळाशीच द्रव धातू आहे. पाऱ्याची वाफ विषारी म्हणून तो आपण दूर केला. गॅलियमची वाफ खोलीच्या तापमानाला जवळजवळ होतच नाही. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये ॲल्युमिनियमखालची मोकळी जागा दाखवून असं मूलद्रव्य सापडेल असं सांगितलं आणि १८७५ मध्ये ते सापडलं. फॅरेडेच्या प्रयोगातलं तत्त्व तेच ठेवून आता अख्खी मोटर मऊ करता येते, याचं मला रोज नवल वाटतं.

दोन्ही टोकांना तांब्याच्या तारा खोचल्या आणि सिलिकोनच्या डिंकाने जागा बंद केल्या.

दुपारी १.३०

डबा. टेबल वेगळं, खोली वेगळी, हात दोनदा धुऊन.

दुपारी २.१५

मोजमाप. एक ओहमच्या आसपासचा रोध साध्या मीटरने मोजला तर मीटरच्या वायरींचा रोधही त्यात मिसळतो. म्हणून चार तारा: दोन वीज सोडायला, दोन फक्त व्होल्टेज मोजायला. आकडा १.२ च्या थोडा खाली आला, सकाळी काढून टाकलेल्या आतल्या फेऱ्यांचा फायदा.

मग ताणून. रबर दीडपट ताणलं की नळी दीडपट लांब होते आणि तिच्या छेदाचं क्षेत्रफळ त्याच प्रमाणात कमी होतं, कारण आतल्या धातूचं आकारमान बदलत नाही. सरळ नळीचा रोध अशा वेळी सव्वादोन पट होतो. ड्रायव्हर सर्किट फक्त व्होल्टेज राखणारं असेल तर ताणलेल्या पेराला कमी प्रवाह मिळेल आणि अळी नेमकी अडचणीच्या जागी दुबळी पडेल. म्हणून आमचं सर्किट प्रवाह मोजून प्रवाहच राखतं.

ताणाच्या चाचणीत एक चकती बंद पडली. नळी शाबूत होती, रबर शाबूत होतं. तुटलं ते तांब्याची तार रबरात शिरते तिथे. मऊ आणि कडक जिथे भेटतात तिथे सगळा ताण गोळा होतो. विद्यार्थ्याने तार सरळ बाहेर न काढता आत एक वळसा देऊन, भोवती थोडं अधिक कडक रबर लावून पाहू या, असं सुचवलं. कडकपणा एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलावा, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी ते वहीत त्याच्या नावानेच लिहिलं.

दुपारी ३.४५

आता ताप. चकती सोनाराच्या बारीक काट्यावर अशी बसवली की ती खाली ढकलली गेली की काटा वजन दाखवेल, आणि वरून उष्णतेचा कॅमेरा.

दोन अँपिअर सतत सोडले. काट्यावर वीस ग्रॅमच्या आसपासचा आकडा आला आणि पडद्यावरचं निळं वेटोळं बघता बघता पिवळं झालं. सुरुवातीला दर सेकंदाला सुमारे दोन अंश. दहा सेकंदांत मी बंद केलं. हे हिशेबातच दिसत होतं, पण विद्यार्थ्यांनी ते डोळ्यांनी बघावं असं मला वाटतं.

मग दुसरी ओळ. तेच दोन अँपिअर, पण दर अर्ध्या सेकंदात फक्त २५ मिलिसेकंद. वेळेच्या पाच टक्के म्हणजे सरासरी पाव वॉटच्या आत. वेटोळ्यात प्रवाह उभा राहायला काही मायक्रोसेकंदच लागतात. वेळ लागतो तो रबराला हलायला, आणि त्याला पंधरा-वीस मिलिसेकंद पुरतात. प्रत्येक ठोक्याला पूर्ण जोर मिळतो. तापमान चढत चढत चार-पाच मिनिटांनी स्थिरावू लागलं आणि ४७ अंशांच्या आसपास थांबलं. चुंबकाला हे चालेल. अंगाला लावायला अजून नाही.

संध्याकाळी ५.००

तिसरी ओळ म्हणजे विजेची गरजच कमी करणं, आणि तिथे खरं डिझाइन आहे.

ऑस्ट्रियातल्या लिन्झच्या योहानेस केप्लर विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये द्रव धातूच्या वेटोळ्यांचे मऊ ॲक्च्युएटर, म्हणजे विजेवर हलणारे भाग, दाखवले. त्यांत पोहणारा मऊ शार्क होता आणि क्षणार्धात पाकळ्या मिटणारं फूलही होतं. त्याच वाटेने पुढे २०२२ मध्ये वाकवलेल्या रबरी पट्ट्यांचे छोटे रोबॉट आले. बाहेरून तार जोडलेला त्यांतला रोबॉट खाचांच्या पृष्ठभागावर सेकंदाला स्वतःच्या सत्तर लांब्या पळाला, आणि तेही काही व्होल्टवर. त्यामागचं एक मोठं कारण अनुनाद. प्रत्येक लवचीक वस्तूला हलण्याची स्वतःची एक गती असते. त्याच गतीने थोडा थोडा जोर दिला तर हालचाल साठत जाते.

आम्ही प्रवाह अर्ध्या अँपिअरवर आणला आणि वारंवारता हळूहळू वाढवत नेली. दहा हर्ट्झला पेर जेमतेम थरथरलं. तीसच्या पुढे हालचाल वाढू लागली. चाळिशीच्या आसपास पेर असं उसळायला लागलं की काका मशीन सोडून बघायला आले.

‘करंट वाढवला काय?’

‘नाही काका. चौथाईवर आणलाय.’

उष्णता सरासरी ०.१५ वॉट, चकती खोलीपेक्षा बारा-तेरा अंशांनी वर. हात लावून बघितलं तर कोमट. पळायचं असेल तर हीच वाट: वेटोळ्याबरोबर पायांची जाडी आणि चकतीचं वजनही असं ठरवायचं की अळीची चालण्याची गती आणि रबराची स्वतःची गती एक व्हावी.

संध्याकाळी ६.३०

पण रोबॉटने नुसतं पळायचं नसतं. त्याला थांबून धरूनही ठेवावं लागतं, आणि विजेवरच्या ॲक्च्युएटरची खरी परीक्षा तिथे आहे. धरून ठेवताना काम शून्य होतं आणि उष्णता चालूच राहते. आपला स्नायूसुद्धा वजन नुसतं धरून ठेवताना ऊर्जा खर्च करतो आणि दमतो. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांतल्या जिवाने मात्र यावर उपाय शोधलेला आहे. शिंपला मिटून धरणारा त्याचा स्नायू एकदा आवळला की फार थोड्या ऊर्जेवर कितीतरी वेळ तसाच आवळलेला राहतो.

आमचा उपाय पायांमध्ये आहे. पाय जागेपेक्षा थोडे लांब केले की ते बाकदार बसतात. पेराला मग दोनच ठिकाणी स्वस्थता मिळते, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. मधला उंबरठा ओलांडायला तेवढा एक ठोका हवा. पुढे रबर स्वतःच पलटतं आणि तिथेच राहतं. दोन अँपिअरचा २५ मिलिसेकंदांचा ठोका म्हणजे ०.१२ ज्यूल. एक अँपिअर सोडून तीच स्थिती मिनिटभर धरून ठेवायची तर ७२ ज्यूल लागतील. उंबरठा किती उंच ठेवायचा हा आता प्रश्न आहे. फार ठेंगणा ठेवला तर अळी कशाला धडकली की पेर आपोआप पलटेल. वीस ग्रॅमच्या जवळ नेला तर वेटोळ्याला तो ओलांडताच येणार नाही. आम्ही बारा ग्रॅमपासून सुरुवात करतोय. काकांकडे उद्या सकाळी तीन वेगवेगळ्या बाकाचे साचे तयार असतील.

संध्याकाळी ७.१५

वही बंद करण्याआधी विद्यार्थ्याने विचारलं, ‘मॅडम, हवेवर चालणारे मऊ रोबॉट याच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावतात. मग आपण हे का करतोय?’

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असा आहे, आणि माझं उत्तर पक्कं आहे. हवेवरच्या रोबॉटला पंप, झडपा आणि नळ्या ओढत न्याव्या लागतात. ताणल्या जाणाऱ्या इलेक्ट्रोडच्या मऊ स्नायूंना हजारो व्होल्ट लागतात. आमचं पेर दोन अँपिअरला अडीच व्होल्टच्या आत चालतं. एका छोट्या बॅटरीवर चालणारं, माणसाच्या अंगाला लागलं तरी इजा न करणारं, क्षणात उत्तर देणारं यंत्र या वाटेने शक्य आहे. जोर कमी आहे हे खरं. पण तो कमी जोर योग्य जागी, योग्य क्षणी आणि योग्य गतीने लावला तर अळीला पुरेसा आहे. तो तसा लावायचा कसा, हे ठरवणं हेच आमचं काम. उद्या आम्ही बाकदार पायांवर बसतोय, आणि पेर वीज बंद केल्यावरही वरच टिकून राहिलं तर परवापासून दुसरं पेर जोडायला घेऊ.